कलम गेलं, घटस्फोट राहिला

कलम मेल्याची बातमी घरात सगळ्यांत आधी सुनेला कळली. तेव्हा ती एका गृहस्थाच्या अक्कलदाढेशी झुंजत होती. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीतला टीव्ही बोंबलत होता, की नवरा-बायकोच्या कमाईची बेरीज करून त्या बेरजेवर चढा कर लावणारं कलम सभागृहाने आज रद्द केलं. सुनेने दाढ उपटली, गृहस्थाच्या तोंडात कापूस कोंबला आणि नवऱ्याला फोन लावला.

"ऐकलंस? कलम गेलं."

"कुठलं कलम?" थोरल्याने विचारलं. करकायद्याच्या प्राध्यापकाशी असं मोघम बोलून चालत नाही.

"ज्याच्यापायी तुझ्या बापाने तुझ्या आईला सोडलं, ते."

मग थोरला म्हणाला, "आजपासून रद्द, की मागच्या तारखेपासून?"

सुनेने फोन ठेवून दिला. दाढ उपटली की माणूस आधी ओरडतो आणि मग बिल विचारतो. तिच्या सासरी हे कायम उलटं चालायचं.

शहाणी माणसं घटस्फोट घेतात ती पटत नाही म्हणून. सरांनी घेतला तो पटवून द्यायचं म्हणून. सरांना, म्हणजे थोरल्याच्या बापाला, घरात सगळेच सर म्हणत, पोटची पोरंसुद्धा. पोरं लहान होती तेव्हा एकदा सर करकायद्याच्या वर्गात तावातावाने सांगत होते की हे कलम म्हणजे लग्नाला दंड आहे. तीच दोघं, तीच कमाई, पण लग्न केलं की कर जास्त. मागच्या बाकावरून एक टवाळ ओरडला, "मग सर, तुम्ही का नाही घेत घटस्फोट?" दुसरा कुणी असता तर हसून सोडून दिलं असतं. सर घरी आले आणि बायकोपुढे कागद ठेवला. "मुद्दा सिद्ध झाला की परत लग्न करू," म्हणाले. बाई भूलतज्ज्ञ होती. दिवसभर लोकांना बेशुद्ध करून थकून आली होती. तिने सही केली.

मुद्दा सिद्ध व्हायला तीस वर्षं लागली.

कारण करखातं म्हणालं, हा घटस्फोट खोटा. दोघं एकाच घरात राहतात. घर आईचं होतं. मग सर तिचे भाडेकरू झाले. पुढची खोली त्यांची, मागचा भाग आईचा. रस्त्याकडून त्यांची घंटा, गल्लीकडून तिची. मधल्या दाराला एक कपाट टेकवलं. निरीक्षक येऊन दात घासायचे ब्रश कुठे ठेवलेत ते बघायचा आणि पोरांना विचारायचा, हे कोण? पोरांना पढवलेलं होतं: आईचे भाडेकरू. धाकटी मात्र म्हणाली, "भाडेकरू बाबा." ते वाक्य निकालपत्रात आलं. ज्या पोरीचं वाक्य दुधाचे दात पडायच्या आधी निकालपत्रात छापून येतं, ती पोर मोठी होऊन दुसरं काय होणार? झाली करकायद्याची प्राध्यापक. थोरला तिच्याही आधी झाला होता. तो खात्याच्या बाजूने बोलायचा, ती खात्याच्या विरुद्ध. टीव्हीच्या दोन चौकटींत बसून दोघं एकमेकांना "माझे विद्वान सहकारी" म्हणायची. लहानपणी याच विद्वानाने त्या विद्वानाच्या वेण्या खिडकीला बांधल्या होत्या.

आणि एकदा निरीक्षकासमोर आईच्या तोंडून निघून गेलं, "अहो, पंखा बंद करा." 'अहो' हा लग्नाचा पुरावा धरायचा की नाही, यावर न्यायाधिकरणात रीतसर युक्तिवाद झाला. मोठमोठे वकील काळे कोट घालून एकमेकांना "अहो" म्हणून दाखवत होते. त्या दिवसापासून आई सरांना "अरे" म्हणू लागली. आधी पुराव्यासाठी. मग सवयीने. पुढेपुढे, हे फक्त तिलाच ठाऊक, आवडीने.

*

दुपारपर्यंत आई सोडून सगळी सरांच्या खोलीत जमली. टीव्ही वाहिनीची गाडी फाटकाशी येऊन उभी होती. दोन पोरं वायरी ओढत होती. पाच वाजता थेट प्रक्षेपण.

सर कोट घालून आरशापुढे उभे होते. ऐंशीला टेकलेला माणूस, पण आज रंग चढला होता. "मी आज जाहीर करणार," ते आरशालाच म्हणाले. "कलम गेलं, माझा लढा संपला, आता मी तिच्याशी परत लग्न करणार. थेट. सगळ्यांसमोर."

"उत्तम," थोरला लगेच म्हणाला. त्याचं नाव कर सुधारणा आयोगासाठी चर्चेत होतं. आयोगावर जाणाऱ्या माणसाचे आईबाप करापायी विभक्त असणं बरं दिसत नव्हतं. तेवढ्या वेळात त्याने बापाच्या लग्नावर एक लेखही लिहून ठेवला होता. "कलम जाताच कुटुंब जुळलं. लोकांना आवडेल."

"खबरदार!" धाकटी खुर्चीतून उठलीच. "डोकं फिरलंय का दोघांचं? आज लग्न जाहीर केलंत तर उद्या खातं काय म्हणेल? कलम होतं तोवर सुटे, कलम गेलं की जोडी. म्हणजे घटस्फोट खोटाच होता. सर, तुम्ही तीस वर्षं शपथेवर सांगत आलात की खरा आहे. माझं अख्खं पुस्तक त्यावर उभं आहे."

"तुझं पुस्तक वाचलंय कुणी?" थोरला.

"तू वाचलंयस. तुझ्या गेल्या तीन लेखांत माझ्या तळटीपा आहेत. नाव न देता."

"आणि लग्न नाही केलं तर?" सुनेने मध्येच विचारलं. ती हातमोज्यांची पावडर अजून झटकत होती.

"नाही केलं तर घटस्फोट खरा."

"म्हणजे," सून सावकाश म्हणाली, "सासरे खोटारडे नाहीत हे दाखवायचं तर त्यांनी सासूबाईंना खरंच सोडलेलं असायला हवं. आणि सोडलं नव्हतं हे दाखवायचं तर खोटारडं ठरायला हवं."

"अगदी नेमकं!" तिघं एकदम म्हणाली. तिघांच्याही चेहऱ्यावर आनंद फुलला. चांगला प्रश्न सापडला की घर जळतंय हे या लोकांना दिसत नाही. ते ज्वाळांच्या उजेडात टिपणं काढायला बसतात.

"सासूबाईंना विचारलंय का कुणी?" सून म्हणाली.

कुणीच विचारलं नव्हतं.

"विचारणं धोक्याचं आहे," धाकटी म्हणाली. "आधीच संगनमत होतं असं दिसेल."

"प्रक्षेपणाच्या आधी विचारलं तर नक्कीच," थोरल्यानेही मान डोलावली. आयुष्यात पहिल्यांदा भाऊ-बहिणीचं एकमत झालं होतं, तेही कशावर!

सर आरशापुढून हलले नाहीत. त्यांना कलम, खातं, पुस्तक यातलं काही आत्ता ऐकू येत नव्हतं. त्यांना मधल्या दाराच्या पलीकडे जायचं होतं, एवढंच. रोज संध्याकाळी कपाटामागून तिचा रेडिओ ऐकू यायचा. बातम्या तिथे, बातम्यांवर मत इथे. तिने मध्येच रेडिओ बंद केला की ती कुठल्या बातमीवर वैतागली हे त्यांना बरोबर कळायचं. पण ही गोष्ट कुठल्या कलमात बसवायची ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून त्यांनी ती आजवर कुणाला सांगितली नव्हती. तिला तर नाहीच.

*

धाकटी गल्ली वळून गेली आणि आईची घंटा वाजवली. आई जमिनीवर वर्तमानपत्र पसरून टेबलफॅन खोलून बसली होती. हाताला तेल.

"ये. तो स्क्रू दे आधी."

"आई, सर आज टीव्हीवर लग्नाचं बोलणार आहेत. तू नाही म्हण."

"का?"

धाकटीने का ते सांगितलं. सांगताना तिने चार निकाल उद्धृत केले. चौथ्या निकालाच्या मध्यावर घंटा पुन्हा वाजली. थोरला.

"हिचं ऐकू नकोस," तो दारातूनच म्हणाला. "आई, हो म्हण. लगेच नाही, जरा थांबून. डोळ्यांत पाणी आलं तर आणखी चांगलं."

"तेलाच्या हाताने डोळे चोळू का?"

"आई, गंभीरपणे घे. माझा आयोग आहे."

"माझं पुस्तक आहे," धाकटी म्हणाली.

आईने पात्याला फडकं मारलं. या दोघांना जन्म देताना तिला कुणी भूल दिली नव्हती. ती चूक झाली, असं तिला कधीकधी वाटायचं. "बरं," ती म्हणाली, "मला काय हवंय, हे तुमच्यापैकी कुणी धरलंय का हिशेबात?"

"अर्थात!" दोघं म्हणाली.

"काय हवंय?"

थोरला म्हणाला, "तुझी कायदेशीर स्थिती स्पष्ट व्हायला हवी." धाकटी म्हणाली, "तुझं स्वतंत्र अस्तित्व अबाधित राहायला हवं." मग ती दोघं, कायदेशीर स्थिती मोठी की स्वतंत्र अस्तित्व, यावर तिथेच उभ्याउभ्या भांडू लागली. आईने फॅन जोडला, बटण दाबलं. वाऱ्याने वर्तमानपत्र उडून थोरल्याच्या तोंडावर बसलं. त्यात त्याचाच एक जुना लेख होता.

"चला," आई हात धुवत म्हणाली. "मीच येते टीव्हीवर."

*

दिवे लागले. निवेदिका तरुण होती, आवाजाने खणखणीत. मध्ये सर, एका हाताला थोरला, दुसऱ्या हाताला धाकटी. मागे ते कपाट, खालपासून वरपर्यंत निकालांच्या जाडजूड खंडांनी ठासलेलं. कॅमेऱ्याला असलीच कपाटं लागतात. पुढे बोलणारा माणूस पोकळ असला तरी मागे भरीव दिसतं. सून कॅमेऱ्याच्या मागे उभी होती. तेवढ्यात घंटा वाजली. सुनेने दार उघडलं. आई आत आली, रिकाम्या खुर्चीत बसली. तिलाही कुणीतरी माइक लावला.

"सर," निवेदिका म्हणाली, "देशभर ज्या घटस्फोटाची चर्चा झाली, तो तुमचा. आज कलम गेलं. आता काय?"

सरांनी घसा साफ केला. "मी आज या ठिकाणी जाहीर करू इच्छितो," आणि इथपर्यंत येऊन त्यांची गाडी नेहमीच्या रुळावर गेली, "की हा विषय तीन अंगांनी बघावा लागेल." पहिल्या अंगाला बराच वेळ गेला. दुसऱ्या अंगात थोरल्याने हात घातला, तिसऱ्यात धाकटीने. निवेदिकेने मोठ्या शर्थीने त्यांना थोपवलं. "थोडक्यात, सर?"

"थोडक्यात, मी परत लग्न करणार आहे. यांच्याशी."

धाकटीने कपाळाला हात लावला. थोरल्याने आईकडे बघून डोळे चोळायची खूण केली.

"अभिनंदन!" निवेदिका आईकडे वळली. "मॅडम, तुम्ही काय म्हणाल?"

"मला त्याने विचारलेलं नाही," आई म्हणाली. "तुम्हाला सांगितलंय. तुम्हीच बघा बाई, तुम्हाला जमतंय का."

वायरवाला पोरगा फिसकन हसला.

"पण मॅडम, लोकांच्या मनात एकच प्रश्न आहे. तो घटस्फोट खरा होता की खोटा?"

धाकटीचे ओठ आवाज न करता म्हणत होते: खरा, खरा, खरा.

"आधी खोटा होता," आई म्हणाली.

धाकटी खुर्चीत मागे कोसळली.

"मग खरा झाला."

आता थोरला कोसळला.

"म्हणजे कधी?" निवेदिकेने विचारलं.

"कोणत्या वर्षी?" थोरला ओरडला. "आई, वर्ष महत्त्वाचं आहे! आर्थिक वर्ष!"

"निकालाच्या आधी की नंतर?" धाकटी सावरून पुढे झुकली. "अर्धवट खोटा असेल तर नवीनच मुद्दा निघतो!"

आईने कपाटाकडे बोट दाखवलं. "हे कपाट मधल्या दाराला लावलं ना, तेव्हा त्यात पाचसहा पुस्तकं होती. हलकं होतं. निरीक्षक गेला की हा रात्री सरकवायचा आणि यायचा माझ्याकडे. चोरासारखा. पोरं झोपली की." ती जराशी हसली. "बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू? लग्नात नव्हती तेवढी मजा होती. मग दरवर्षी निकालांचे खंड यायला लागले. याच्या खटल्यावरचे निकाल, त्यावरची भाष्यं, भाष्यांवर याचं उत्तर, उत्तरावर या दोघांची उत्तरं. सगळं याच कपाटात. एके रात्री मला ढकलल्याचा आवाज आला. नंतर धापा टाकल्याचा. कपाट हललं नाही."

"आणि?" निवेदिकेने विचारलं.

"आणि मला वाटलं, उद्या चार पुस्तकं काढून ठेवेल. त्याने कपाटाला वरून आणखी एक फळी ठोकली." तिने पदराला लावलेला माइक काढून टेबलावर ठेवला. "कपाट भरलं, तेव्हा झाला खरा. वर्ष पाहिजे असेल तर खंडांवर छापलेलं असतं."

ती उठली. आपली साडी नीट केली, सुनेच्या खांद्यावर थोपटलं आणि आली तशी पुढच्या दाराने बाहेर पडून, गल्ली वळून, आपल्या घरी गेली.

यानंतर पडद्यावर जे झालं ते लोकांनी पुढे आवडीने पुन्हापुन्हा बघितलं. सुरुवातीच्या वर्षांचा कर पुन्हा आकारता येईल का, यावर थोरला आणि धाकटी एकमेकांवर तुटून पडली. थोरला म्हणत होता, येईल. बापावर कारवाई होईल हे त्याच्या लक्षात आलं नव्हतं. मुद्दा बरोबर होता, बस! धाकटी म्हणत होती, येणार नाही, मुदत टळली. म्हणजे बाप खोटं बोलला हे तिने केव्हाच मान्य करून टाकलं होतं. "माझे विद्वान सहकारी" पासून सुरू झालेलं भांडण "तू गप रे, गधड्या" पर्यंत आलं. आणि मधली खुर्ची रिकामी होती.

"सर कुठे गेले?" निवेदिका म्हणाली.

धप्प.

"हा आवाज कसला येतोय?"

धप्प. धप्प. सरांचा माइक कॉलरलाच होता. देशभरातल्या बैठकीच्या खोल्यांतून एका म्हाताऱ्याची धाप ऐकू येत होती, आणि जाडजूड काहीतरी जमिनीवर पडल्याचा आवाज. कॅमेरा वळला. सर कपाटातले खंड काढून खाली टाकत होते. नीट ठेवत नव्हते, टाकत होते. ज्या माणसाने उभ्या जन्मात पुस्तकाचं पान दुमडलं नव्हतं!

"सर, तो मूळ निकाल आहे!" धाकटी किंचाळली.

"सर, हा पुराव्यात बदल होतोय! थेट प्रक्षेपणात!" थोरला.

सुनेने भिंतीकडे जाऊन मोठा प्लग ओढला. दिवे गेले. वायरवाली पोरं ओरडली. "दाढ काढताना मी नातेवाइकांना आत उभं करत नाही," सून म्हणाली. "चला, बाहेर." निवेदिकेला, पोरांना, दिव्यांना तिने फाटकापर्यंत पोचवलं. नवऱ्याला आणि नणंदेला हाकलणं तिला जमलं नाही. ती दोघं दाराच्या चौकटीत अडकून राहिली.

वरची फळी संपली. सरांचा कोट धुळीने माखला. खालच्या फळीवर त्यांची स्वतःची भाष्यं होती, कातडी बांधणीची, अंगावर नाव कोरलेली. ती त्यांनी सगळ्यांत जोरात टाकली. मग खांदा लावला. कपाट कुरकुरलं आणि हललं. मागे दार होतं, तिथेच, रंग उडालेलं. कपाटाच्या आकाराचा एक फिकट चौकोन त्याच्यावर उमटला होता.

सरांनी दार ढकललं. उघडलं नाही.

कडी पलीकडून होती.

इतक्या वर्षांत हे त्यांच्या एकदाही लक्षात आलं नव्हतं, की कपाट होतं तेव्हाही, हलकं होतं तेव्हाही, कडी पलीकडून होती. म्हणजे तेव्हा रोज रात्री कुणीतरी ती काढून ठेवत होतं.

त्यांनी दार ठोठावलं.

"कोण आहे?" आतून आईचा आवाज आला.

"मी."

"मी कोण?"

सरांनी तोंड उघडलं. थोरल्याच्या ओठांवर 'भाडेकरू' आलं होतं, धाकटीच्या ओठांवर 'पक्षकार'. सुनेने मागून येऊन दोघांचे दंड धरले आणि चिमटे काढले. नवरा म्हणावं तर ते स्वतःच शपथेवर नाकारून बसले होते. भाडेकरू म्हणावं तर भाडेकरू या दाराने येत नाही. प्राध्यापक म्हणावं तर प्राध्यापक आत्ता जमिनीवर पडला होता, खंडाखंडाने. आयुष्यभर ज्या माणसाने प्रत्येक प्रश्नाला तीन अंगं काढली, त्याला एकही सापडेना.

"माहीत नाही गं," ते म्हणाले.

"मग बस तिथेच," आई म्हणाली. "सुचलं की सांग. आणि कुठल्या निकालाचा आधार देऊ नकोस."

सर खंडांच्या ढिगावर बसले. ढीग त्यांच्या वजनाने थोडा खचला.

"याला संमती धरता येईल," थोरला बायकोच्या कानात पुटपुटला.

"येणार नाही," धाकटी पुटपुटली.

"दोघंही मरा," सून म्हणाली आणि त्यांना खेचत अंगणात घेऊन गेली.

सर एकटेच राहिले. कान दाराला लावून त्यांनी वाट बघितली. रेडिओ लागला नव्हता. मग पलीकडे फरशीवरून स्टूल ओढल्याचा आवाज झाला. तो जवळ जवळ येत गेला आणि दाराला टेकून थांबला.